माळव्यातील मराठी घरे आणि पदवीची अखेरची परीक्षा

माळव्यातील मराठी माणसाचा इतिहास लिहावयाचा म्हटला की आपली लेखणी आपोआप सनदांकडे वळते. कोणत्या सरदाराबरोबर कोण आले, जहागीर कोठली होती, वाडा कोणी बांधला, याची साद्यंत हकीकत आपल्या बहुतेक घरांत तोंडपाठ असते. त्याच घरांच्या माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत, कागदांचा आणखी एक गठ्ठा असतो. त्याकडे इतिहासाचे साधन म्हणून फारसे कोणी पाहिलेले नाही. हा गठ्ठा पदवीपत्रांचा व अंकसूच्यांचा. एकाच घरातील ही पत्रे शेजारी शेजारी मांडली तर मोठी चमत्कारिक गोष्ट दिसते. पणजोबांच्या कागदावर कलकत्त्याचे नाव, आजोबांच्या कागदावर अलाहाबादचे, वडिलांच्या कागदावर आग्र्याचे, थोरल्या भावंडांच्या कागदावर उज्जैनच्या विक्रम विश्वविद्यालयाचे आणि आपल्या स्वतःच्या कागदावर इंदूरचे. घर मात्र धारचे, देवासचे किंवा महूचे, जेथल्या तेथे. एका गल्लीतून न हललेल्या कुटुंबाला पाच नगरांनी पदव्या द्याव्यात, असा प्रकार पुण्या-सातारकडच्या घरांत सहसा आढळावयाचा नाही.

पदवीची अखेरची परीक्षा, जिला आपण घरात 'फायनल' म्हणत आलो, ती माळव्यातील मराठी घरांत नेहमी परगावाहून आली आणि परभाषेत आली. तिची तयारी मात्र घरात आणि मराठीत झाली. मधले अंतर आपल्या मागच्या पिढ्यांनी कसे तोडले, हा या लेखाचा विषय आहे. त्याचा शेवट पीथमपूरच्या कारखान्यांपाशी होतो, हे आमच्या जुन्या मंडळींना कदाचित रुचणार नाही. पण कागद तिकडेच नेतात, त्याला इलाज नाही.

प्रथम विद्यापीठांची वंशावळ. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास अशी तीन विद्यापीठे निघाली. भाषेने आपल्याला मुंबई जवळची. परंतु होळकर, शिंदे व पवार यांची ही संस्थाने मध्य भारत एजन्सीखाली होती आणि एजन्सीचा मुंबई इलाख्याशी संबंध नव्हता. त्यामुळे आपले तोंड पूर्वेकडे झाले. १८८७ साली अलाहाबाद विद्यापीठ स्थापन झाले. १० जून १८९१ रोजी महाराज शिवाजीराव होळकरांनी इंदुरात होळकर कॉलेज काढले, ते आरंभी कलकत्त्याशी जोडलेले होते. माळव्यातील काही शाळा त्याच काळात अलाहाबादच्या परीक्षांना मुले बसवीत. म्हणजे शेजारच्या दोन गावांतील मुले दोन निराळ्या विद्यापीठांच्या परीक्षांची तयारी करीत होती. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांच्या हद्दी आखण्याचा अधिकार सरकारने घेतला आणि मध्य भारत अलाहाबादच्या पदरात पडला. पुढे अलाहाबाद हे केवळ आपल्या आवारात शिकविणारे विद्यापीठ झाले. बाहेरच्या कॉलेजांसाठी १९२७ साली आग्र्याला नवे विद्यापीठ उभारण्यात आले. मग तीस वर्षे आग्रा.

स्वातंत्र्यानंतर २८ मे १९४८ रोजी मध्य भारत राज्य झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते मध्यप्रदेशात विलीन झाले, १९५७ साली उज्जैनला विक्रम विश्वविद्यालय आले, आणि १९६४ साली इंदूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. १९८८ पासून त्याचे नाव देवी अहिल्या विश्वविद्यालय. यात एक गंमत आहे. धार इंदूरकडे गेले आणि देवास उज्जैनकडेच राहिले. दोन्हीकडे गादी पवारांची. पण धारच्या भाच्याच्या आणि देवासच्या मामेभावाच्या परीक्षा एका वेळी, एका अभ्यासक्रमाच्या कधी आल्या नाहीत. पुस्तके एकमेकांना देण्याची सोय त्यामुळे गेली, आणि ही सोय किती मोलाची होती ते पुढे येईलच.

परीक्षा परभाषेत, हे दुःख केवळ आपले नव्हते. मुंबई विद्यापीठाची पहिली बी.ए. १८६२ साली झाली. त्या पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक ही चार नावे आहेत. रानड्यांनी इतके वाचले की विद्यार्थिदशेतच डोळे अधू झाले, ते कायमचे. मराठी राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना करणारा निबंध लिहिल्याबद्दल प्राचार्य अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने रोखून धरल्याची हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. परीक्षा घेणारा कोण आहे याचे भान ठेवून उत्तर लिहावे लागते, हा धडा मराठी पदवीधरांच्या पहिल्याच पिढीला मिळाला. त्याच रानड्यांच्या खटपटीने पुढे १९०१ साली मुंबईच्या एम.ए.त मराठीला जागा मिळाली. ते वर्ष त्यांच्या मृत्यूचेही आहे.

धोंडो केशव कर्वे कोकणातील मुरुडहून शंभर मैलांहून अधिक वाट तुडवीत साताऱ्यास परीक्षेला गेले, आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना बसू दिले नाही. ती परीक्षा पदवीची नव्हती. परंतु परीक्षेचे गाव लांब असणे म्हणजे काय, हे या गोष्टीइतके दुसऱ्या कशाने कळत नाही. पदवीपर्यंत पोचलेल्या कर्व्यांच्या चिकाटीचे आपण कौतुक करतो. परत पाठविलेल्या त्या मुलाने परतीची वाट कशी चालली असेल याचा विचार सहसा करीत नाही.

आणि आपल्या दाराशी महू आहे. पीथमपूरहून महू म्हणजे काही कोसांचा रस्ता. १४ एप्रिल १८९१ रोजी तेथील छावणीत सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी भीमरावांचा जन्म झाला. होळकर कॉलेज उघडले ते त्यानंतर दोन महिन्यांच्या आत. पेन्शनीत निघून हे कुटुंब पुढे दापोली, सातारा व मुंबईस गेले नसते तर डॉ. आंबेडकरांची पदवी-परीक्षा कदाचित इंदुरास झाली असती. पण इतिहासात 'असते तर' याला फारशी जागा नाही. परळच्या चाळीतील एकाच खोलीत मुलगा संध्याकाळी लवकर निजे, रामजीबाबा रात्री दोनपर्यंत जागत आणि मग त्याला उठवून दिव्याशी बसवीत. सगळे घर निजले असताना ती खोली अभ्यासिका होई. एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१३ साली त्यांना बी.ए.ची पदवी मिळाली आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत रामजीबाबा गेले. एका खोलीचे पाळ्या लावून दोन उपयोग करणे, ही तयारीची रीत लक्षात ठेवावी. ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

आता आपल्या माळव्याच्या मराठी घरांकडे येऊ. कवी भास्कर रामचंद्र तांबे यांचा जन्म १८७४ साली ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावलीचा, शिक्षण देवासचे. १८९३ साली ते अलाहाबाद विद्यापीठाची एंट्रन्स उत्तीर्ण झाले. पुढे पैशाअभावी कॉलेज झाले नाही. देवासला त्यांनी राजपुत्राला शिकविण्याचे काम केले, आणि अखेर ग्वाल्हेरचे राजकवी झाले. आपण त्यांचे नाव फार अभिमानाने घेतो. पण पदवी नाही म्हणून ज्यांची नोकरी जन्मभर खालच्या पायरीवर राहिली, आणि ज्यांच्याजवळ तांब्यांची प्रतिभाही नव्हती, असे कितीतरी लोक त्या पिढीत आपल्या घरोघर होते. त्यांच्यासाठी एंट्रन्स हीच फायनल होती.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. १९१७ साली दोन मराठी मुले ग्वाल्हेर संस्थानात जन्मली. गजानन माधव मुक्तिबोध श्योपूरला, प्रभाकर माचवे ग्वाल्हेरला. (त्याच वर्षी इंदुरास गणेश जनार्दन आगाशे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले होते, हा केवळ योगायोग.) माचवे इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजातून निघून आग्रा विद्यापीठाचे एम.ए. झाले, तत्त्वज्ञान शिकवू लागले, मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तीन भाषांत लिहिते राहिले आणि साहित्य अकादमीच्या सचिवपदापर्यंत पोचले. परीक्षा त्यांना वश होती.

मुक्तिबोधांचे तसे नव्हते. वडील माधवराव संस्थानच्या पोलीस खात्यात, बदल्या सारख्या, घरात मराठी आणि शाळेत हिंदी-इंग्रजी. १९३० साली उज्जैनला मिडलच्या परीक्षेत ते नापास झाले. ही गोष्ट त्यांनी कधी लपविली नाही; उलट आपल्या आयुष्यातील पहिली महत्त्वाची घटना म्हणून तिची नोंद केली. माधव कॉलेजातून इंटर करून ते इंदूरच्या होळकर कॉलेजात आले. १९३७ साली बी.ए. हुकली. १९३८ साली मिळाली. १९४३ साली 'तार सप्तक' निघाले तेव्हा त्यात माचवे व मुक्तिबोध ही दोन्ही मराठी नावे होती. हिंदी कवितेला नवे वळण देणाऱ्या सात कवींत दोघे माळवा-ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांतले असावेत, यात परभाषेतील परीक्षांचा हात किती, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. माझे मत असे की पुष्कळ आहे. ज्या भाषेत वर्षानुवर्षे उत्तरे लिहावी लागतात ती भाषा हळूहळू विचारांत शिरते. गजाननरावांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांचा जन्म इंदूरचा, १९२१ चा. त्यांनी मराठीत एम.ए. केले, नागपुरास मराठी शिकविली, आणि ते मराठीचे कवी, कादंबरीकार व समीक्षक झाले. एका आईची दोन मुले, एक हिंदीत थोर, एक मराठीत. दोघांनी कोणत्या भाषेत पेपर लिहिले ते पाहिले की अर्धे उत्तर मिळते. उरलेल्या अर्ध्या उत्तराबद्दल टीकाकारांनी वाद घालावा.

परंतु मुक्तिबोधांची गोष्ट बी.ए.पाशी संपत नाही, आणि मला ती सांगावयाची आहे ती त्यापुढच्या भागासाठी. पस्तिशी उलटल्यावर, बायकामुले, नोकरी आणि नागपूरच्या भाड्याच्या घरातील ओढाताण चालू असताना, त्यांनी नागपूर विद्यापीठाची हिंदीची एम.ए. दिली. तोपर्यंत त्यांच्या कवितेची दखल घेतली जाऊ लागली होती. तरीही कॉलेजात शिकवावयाचे तर कागद हवा होता. तो हाती आल्यावर काही वर्षांनी, १९५८ साली, राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात त्यांना प्राध्यापकी मिळाली. दिवसभर दुसऱ्याचे काम करून रात्री परीक्षेचा अभ्यास करणारा मराठी गृहस्थ ही मूर्ती मनात असू द्यावी.

घरातील तयारीविषयी ग्रंथांत फारसे सापडत नाही. ती आठवणींतच आहे, आणि आठवण सांगणारी माणसे आता थोडी राहिली आहेत. परीक्षा मार्च-एप्रिलच्या. माळव्यातील रात्री तेव्हा अजून गार असतात. दिवस मात्र तापू लागलेला असतो. म्हणून पहाट अभ्यासाची. रंगपंचमीला इंदुरात राजवाड्यावर गेर निघते, रंगाच्या पिचकाऱ्या चार-चार मजल्यांवर पोचतात, आणि फायनलचा विद्यार्थी माडीवरची खिडकी लावून घेऊन बसलेला. गुढी उभारायची ती पेपर सुटण्याच्या वेळा पाहून. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला 'आमच्याकडे यंदा फायनल आहे' एवढे म्हटले की शेजारणी समजून घेत आणि आंब्याची डाळ व पन्हे घरपोच येई. सणवारांचे पंचांग अशा रीतीने विद्यापीठाच्या वेळापत्रकाला वाट देत असे.

अभ्यास मोठ्याने. हे आजच्या मुलांना विचित्र वाटेल, पण आपल्या घरांत मनातल्या मनात वाचणे म्हणजे डुलकी काढणे समजले जाई. मुलाने इंग्रजीतला किंवा हिंदीतला परिच्छेद मोठ्याने म्हणावा आणि लगेच त्याचा अर्थ मराठीत आईला किंवा आजीला सांगावा, अशी पद्धत पुष्कळ घरांत होती. आजीला अर्थशास्त्र कळत नसे. पण सांगणाऱ्याला कळले आहे की नाही, हे तिला बरोबर कळे. 'पुन्हा सांग, तुलाच समजलेलं नाही,' एवढा तिचा शेरा. मला स्वतःला ही पद्धत कोणत्याही शिकवणीवर्गापेक्षा सरस वाटते. परक्या भाषेतील मजकूर एकदा मातृभाषेच्या चुलीवर शिजवून घेतला की तो पचतो, आणि पेपरात पुन्हा परक्या भाषेत वाढता येतो.

त्यात घोटाळेही होत. देवनागरी दोघींची एकच, शब्द पुष्कळसे तेच, आणि अर्थ निराळे. मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. मराठीत 'चेष्टा' म्हणजे थट्टा, हिंदीत प्रयत्न. 'आपत्ति' हिंदीत हरकत, आपल्याकडे संकट. 'राजीनामा' आपण नोकरी सोडताना देतो. हिंदी कचेरीत तो दोन पक्षांनी तडजोड केली की होतो. इंग्रजी गेली आणि उत्तरे हिंदीतून लिहिली जाऊ लागली, तेव्हा परीक्षा सोपी झाली असे बाहेरच्यांना वाटले. आपल्या मुलांना ती एका अर्थाने अवघड झाली, कारण इंग्रजी परकी आहे हे निदान दिसत होते. उलट दिशेनेही देणेघेणे झाले. आपल्या घरातील मराठीत गुणपत्रिका नाही, अंकसूची आहे. पेपर अवघड जात नाही, बिघडतो. विद्यार्थी खासगी नसतो, स्वाध्यायी असतो. पुण्याचे पाहुणे या भाषेला हसतात. परंतु या शब्दांतच आपल्या शंभर वर्षांच्या परीक्षा साठलेल्या आहेत.

पुस्तके विकत घेण्याची ऐपत थोड्यांची. इंदूरच्या खजुरी बाजारात जुनी पुस्तके मिळत, आणि धार, महू, देवासकडची मुले जुलै-ऑगस्टात एकदा तेथे फेरी मारीत. बाकी सगळा व्यवहार नात्यागोत्यातला. एकच पुस्तक चुलतभावंडांतून फिरे. पहिल्याची लाल खूण, दुसऱ्याची निळी, तिसऱ्याला वाचण्यासारखे काही नवे राहतच नसे, कारण महत्त्वाचे ते आधीच ठरलेले. ज्याच्या पुस्तकावर पाच पिढीजात रेघा, त्याला पहिला वर्ग, असा एक गमतीचा हिशेब होता. आग्रा विद्यापीठाचा आणखी एक अवशेष येथे सांगितला पाहिजे. विद्यापीठ गेले तरी आग्र्याचे प्रकाशक राहिले. आमच्या वेळी अंकसूचीवर इंदूरचे नाव असे, पण निवडक प्रश्नोत्तरांची पुस्तिका पुष्कळदा आग्र्याचीच. या पुस्तिकांना गुरुजन नावे ठेवीत आणि परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थ्यांच्या उशाखाली त्याच असत.

आग्रा विद्यापीठाने एक चांगली सोय केली होती. शिक्षकांना आणि स्त्रियांना कॉलेजात न जाता परीक्षेला बसता येई. आपल्या घरांतील पहिल्या पदवीधर सुनांपैकी अनेक जणी याच वाटेने आल्या. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला आणि पुस्तक मांडीवर, हे चित्र अतिशयोक्तीचे नाही. त्या अभ्यासाला घरात कोणी तयारी म्हणत नसे. 'तिचं वाचन चाललंय' असे म्हणत. निकाल लागल्यावर मात्र पेढे सगळ्या वाड्यात. स्वाध्यायी परीक्षेची ही वाट पुढे विक्रम आणि इंदूर या दोन्ही विद्यापीठांनी चालू ठेवली, आणि तीच वाट आपल्याला पीथमपूरला नेते.

पीथमपूर हे धार जिल्ह्यातील लहानसे खेडे. १९८० च्या दशकाच्या आरंभी शासनाने तेथे औद्योगिक क्षेत्र आखले आणि दहा वर्षांत त्या माळरानाचा चेहरा ओळखू येईनासा झाला. पुण्याची बजाज टेम्पो आली, कायनेटिक होंडाची स्कूटर तेथे बनू लागली, १९८६ साली आयशरचे ट्रक निघू लागले. वर्तमानपत्रांनी त्याला भारताचे डेट्रॉइट म्हणावयास सुरुवात केली. असली बिरुदे देणाऱ्यांनी मूळ डेट्रॉइटचे पुढे काय झाले ते पाहिलेले नसते. कारखान्यांबरोबर मराठी माणसे आली. पुण्याकडचे कारागीर व पर्यवेक्षक आले, खानदेशातून आणि विदर्भातून पोरे आली. दोनशे वर्षांपूर्वी भाला घेऊन आलेल्यांच्या वंशजांनी पाना घेऊन आलेल्यांचे स्वागत कसे केले, हे आपण सर्व जाणतो. 'ते पीथमपूरवाले' असे म्हणून आपण त्यांना गणेशोत्सवाच्या वर्गणीपुरते जवळ केले.

शासकीय सेवेत धार जिल्ह्यात असताना परीक्षाकेंद्रांवर निरीक्षक म्हणून जाण्याचे प्रसंग मला आले. स्वाध्यायी परीक्षार्थींच्या दालनात गेले की एक गोष्ट डोळ्यांत भरे. कितीतरी जणांची नखे काळी. ते तेल साबणाने जात नाही. रात्रपाळी करून सकाळचा पेपर द्यायला आलेला माणूस झोपेने नव्हे, तर शांततेने गांगरतो; यंत्राचा आवाज थांबला की त्याला सुचेनासे होते, असे त्यांच्यातल्याच एकाने मला सांगितले. हा जळगावकडचा मुलगा. आय.टी.आय. करून आलेला, ठेकेदाराकडे कामाला. बी.ए. फायनल कशासाठी देतोस म्हणून विचारले, तर म्हणाला, "साहेब, पर्यवेक्षकाच्या जागेला पदवी मागतात. काम मी त्यांना शिकवतो, सही ते करतात." राजनांदगावच्या प्राध्यापकीसाठी एम.ए. देणाऱ्या मुक्तिबोधांचे उत्तर याहून फार वेगळे झाले असते असे मला वाटत नाही.

त्याची तयारी मी पुढे जाणूनबुजून पाहिली, कारण कुतूहल होते. बगदूनला एका खोलीत चौघे राहात. दोघे पहिल्या पाळीचे, दोघे रात्रीचे. दोघे निजलेले असताना दोघांनी दिवा लावावयाचा नाही हा नियम. म्हणून अभ्यास बाहेर, ओट्यावर, रस्त्याच्या दिव्याखाली. आठवड्याने पाळ्या बदलल्या की अभ्यासाची वेळही बदले, त्यामुळे 'पहाटे चारला उठ' हा आपला शतकाचा उपदेश तेथे निरुपयोगी. उत्तराचे मुद्दे हजेरीकार्डाच्या पाठीवर लिहिलेले, ते यंत्र चालू असता ओठांत घोळवायचे. शाळा दहावीपर्यंत मराठीतून झालेली, पेपर हिंदीत. 'शिक्षा पर व्यय' या प्रश्नाचे उत्तर त्याने प्रथम वाचले तेव्हा सरकार तुरुंगांवर किती खर्च करते ते त्यात शोधत होता, असे सांगून तो स्वतःच हसला. आजी मात्र तेथे नव्हती. अर्थ सांगावयाचा तर कोणाला? खोलीतील दुसरा मुलगा अकोल्याकडचा, वाणिज्य शाखेचा. दोघे एकमेकांना आपापले विषय मराठीत समजावून सांगत. एकाला दुसऱ्याचा विषय येत नसे, म्हणूनच ते साधत होते. परळच्या खोलीतील पाळ्या आणि आमच्या वाड्यातील आजी, दोन्ही रीती त्या ओट्यावर एकत्र आल्या होत्या, आणि त्या मुलांना त्यांपैकी कशाचीही माहिती नव्हती.

सर्वांत मोठी अडचण अभ्यासाची नव्हे, रजेची. कायम कामगाराला परीक्षेसाठी रजा मागता येते. ठेकेदाराच्या माणसाने पाच पेपरांसाठी पाच खाडे केले तर सहाव्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा असतो. म्हणून पेपर सोडले जातात आणि पूरक परीक्षेवर लोटले जातात. अंकसूचीवर तो नापास दिसतो. खरे तर त्याला परीक्षा मिळालेलीच नसते. परत पाठविलेल्या मुरुडच्या मुलापेक्षा त्याचे दुःख निराळे कसे म्हणावे?

पुढील बदल थोडक्यात सांगतो, कारण ते वाचकांच्या ताज्या अनुभवातले आहेत. २००८ पासून मध्यप्रदेशातील महाविद्यालयांत सत्रपद्धती आली. वर्षातून दोनदा परीक्षा म्हणजे पाळीवाल्यांना दुप्पट खाडे. २०१७ मध्ये पदवीसाठी पुन्हा वार्षिक पद्धत आली. २०२० च्या साथीत अंतिम वर्षाची मुले प्रश्नपत्रिका घरी उतरवून घेऊन, पुस्तक समोर ठेवून उत्तरे लिहीत होती आणि उत्तरपत्रिका जवळच्या केंद्रावर नेऊन देत होती. जुन्या मंडळींनी याची थट्टा केली. पीथमपूरच्या मुलांना मात्र त्या वर्षी, बहुधा पहिल्यांदाच, खाडा न करता फायनल देता आली. २०२१-२२ पासून नव्या शिक्षण धोरणाचा अभ्यासक्रम लागू झाला.

आपल्या घरांतील मुले आता फायनलची तयारी पुण्यात, बंगळुरात किंवा परदेशात करतात, इंग्रजीतून करतात, आणि आजीला अर्थ सांगण्याची त्यांना गरज उरलेली नाही. त्यात वाईट काही नाही. पण परभाषेतील परीक्षेची मराठीत तयारी करणे ही जी आपल्या माळव्याच्या घरांची खास रीत, ती चालविणारे आज कोण आहेत, असे विचारले तर मला सनदवाल्यांच्या वाड्यांकडे बोट दाखविता येत नाही. ते बगदूनच्या आणि सागौरच्या भाड्याच्या खोल्यांकडे जाते.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीपुढे दोन गोष्टी ठेवतो. ट्रंकांतील जुनी पदवीपत्रे, अंकसूच्या व रेघा मारलेली पुस्तके सभासदांनी रद्दीत न घालता मंडळाकडे पाहावयास द्यावीत. त्यांची यादी करण्याचे काम मी अंगावर घेतो. दुसरी गोष्ट वाचनालयाची. आपल्याकडे टेबले आहेत, दिवे आहेत, आणि फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत संध्याकाळी तीन-चार वृद्ध सभासदांखेरीज तेथे कोणी नसते. पीथमपूरची पहिली पाळी दुपारी सुटते. तेथला मुलगा बस पकडून, हातपाय धुऊन येथे पोचेपर्यंत सहा वाजतात. आपण वाचनालय सातला बंद करतो.